घाव कोयत्याचा, पट्टी कोळंबीच्या टरफलाची

दसरा-दिवाळी उरकली की मराठवाड्यातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रक-ट्रॅक्टरवर बोचकी, भांडी, पोरंबाळं आणि शेळ्या लादून ही माणसे पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांच्या फडावर पोचतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. माणसाचे नाव त्या वहीत नंतर येते, हत्यार आधी. पहाटे अंधारात फडात उतरायचे, डाव्या हाताने उसाला कवळ घालायची आणि उजव्या हाताने थेट जमिनीलगत बुडख्यावर घाव घालायचा. पाचटावरून पाय सरकला किंवा कोयता निसटला, की तो डाव्या पायाच्या नडगीवर नाहीतर डाव्या हाताच्या बोटांवर येतो. फड गावापासून लांब, गाव दवाखान्यापासून लांब. त्यात 'खाडा' पडला तर उचलीतून पैसे कापले जाणार ही भीती. म्हणून घाव खोल असला तरी चिंधी बांधून पुन्हा मोळ्या वाहणारी माणसे काही कमी नाहीत.

हे फक्त ऊसतोडीचेच नाही. कडबाकुट्टीत हात, मळणी यंत्रात हात, विळ्याने बोट, कुऱ्हाडीने पाऊल, बैलाच्या शिंगाने मांडी. मळणी यंत्रात हात जाण्याचे प्रकार देशभर इतके वाढले की १९८३ मध्ये केंद्राला धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. कायदा झाला, पण यंत्र आणि हात दोन्ही तिथेच आहेत.

आता, रक्त आले की आपल्याकडे काय करतात? ज्याच्या चंचीत जे असेल ते लावतात. कुणी तंबाखू दाबतो, कुणी चुना, कुणी हळद, कुणी विडीचा कागद, तर कुणी बांधावरची माती. बांधावर पिवळट फुलाचा दगडी पाला असतो, त्याला काही भागात एकदांडी म्हणतात. त्याचा रस खरचटल्यावर लावणे तर शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. न्हावीदादांच्या पेटीत तुरटी असतेच. यातले सगळेच खुळचट आहे असे समजू नये. तुरटीने कातडी आक्रसते आणि रक्तातली प्रथिने साकळतात, त्यामुळे वस्तऱ्याचा बारीक काप थांबतो. दगडी पाल्याच्या अर्काने नळीतले रक्त लवकर गोठते असे प्रयोगशाळांत दिसून आलेले आहे. पण नळीतले चमचाभर रक्त वेगळे आणि मांडीतून चिळकांडी मारणारे रक्त वेगळे. तिथे पाला वाहून जातो. मातीने आणि शेणाने तर धनुर्वात ओढवतो. तंबाखू-चुन्याने जखमेची कड जळते, आणि पुढे टाके घालणाऱ्या डॉक्टरची आणि रोग्याची, दोघांचीही परीक्षा होते.

मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असते ४ ते ५ लिटर, म्हणजे दुधाच्या लहान किटलीभर. त्यातले दीड-दोन लिटर गेले की जीव धोक्यात येतो. मांडीची मोठी रोहिणी तुटली तर तेवढे जायला काही मिनिटे पुरतात. गाडी बोलवा, रस्त्यापर्यंत उचलून न्या, तालुका गाठा, या सगळ्याला अर्धा-पाऊण तास सहज जातो. खरी लढाई ती मधल्या वेळेची आहे. आणि या मधल्या वेळेसाठीच गेली वीस-पंचवीस वर्षे जगभर एका साध्या दिसणाऱ्या वस्तूवर डोकेफोड चालू आहे. ही वस्तू म्हणजे रक्त लवकर गोठवणारी पट्टी.

भगदाड आणि बांध

रक्त गोठते कसे हे पाटाला भगदाड पडले की जसे करतो तसेच समजावे. आधी हाताला लागतील ते दगडगोटे, झाडोरा टाकतो, मग त्यात काटक्या अडकवतो आणि शेवटी माती लिंपतो. रक्तात चकतीसारख्या बारीक पेशी असतात, त्यांना बिंबिका म्हणतात. रक्तवाहिनी फाटली की त्या धावून येऊन तोंडाशी चिकटतात. हे झाले दगडगोटे. त्याच वेळी रक्तातल्या डझनभर प्रथिनांची साखळी सुरू होते, एकाने दुसऱ्याला जागे करायचे, दुसऱ्याने तिसऱ्याला. शेवटी रक्तात विरघळलेल्या एका प्रथिनाचे चिवट धागे बनतात. फायब्रिन त्यांचे नाव. या धाग्यांच्या जाळ्यात तांबड्या पेशी अडकल्या की बांध पक्का झाला. या कामाला कॅल्शियम लागते आणि अंगाची ऊबही लागते. अंग गार पडले की साखळी मंदावते. पहाटेच्या दवात, ओल्या फडात पडलेल्या माणसावर घोंगडी टाकायची ती केवळ मायेपोटी नव्हे, रक्त गोठावे म्हणूनही.

अडचण अशी, की पाण्याचा लोंढा मोठा असेल तर माती टिकत नाही. गोठलेली गुठळी बसायच्या आधीच वाहून जाते. म्हणून पट्टीला दोन कामे एकदम करावी लागतात. एक म्हणजे गोठण्याची घाई करणे आणि दुसरे म्हणजे लोंढ्यात टिकून राहणे. २००६ मध्ये अमेरिकी लष्कराच्या संशोधकांनी चांगल्या पट्टीची कसोटी लिहून ठेवली. रक्ताच्या थारोळ्यातही ती लावता यावी, मोठ्या वाहिनीचा स्राव दोन मिनिटांत थांबावा, काही कालवायचे-मिसळायचे नसावे, शिकवायला सोपी असावी, हलकी असावी, उन्हाथंडीत दोन वर्षे तरी टिकावी, अपाय करू नये आणि स्वस्त असावी. ही यादी लिहिली गेली सैनिकांसाठी. पण विदर्भातल्या ४५ अंशांच्या उन्हात पत्र्याच्या खोपीत ठेवलेली, मातकट हातांनी उघडायची आणि रोजंदारीच्या माणसाला परवडायची पट्टी हवी, असे आपण म्हटले तर यादी वेगळी होईल का? शेवटच्या 'स्वस्त' या शब्दाखाली मात्र आपण दोन रेघा ओढू.

दाढीच्या कापातून निघालेले औषध

अमेरिकेत फ्रँक हर्सी नावाचे एक अभियंते होते. झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजाचा उपयोग ते वायू वेगळे करण्याच्या यंत्रांत करत. १९८० च्या दशकात दाढी करताना कापले, तेव्हा त्यांनी ती भुकटी लावून पाहिली आणि रक्त थांबले. झिओलाइट रक्तातले पाणी शोषून घेतो, मागे पेशी आणि प्रथिने दाट होऊन राहतात आणि गुठळी लवकर बसते. कितीतरी वर्षे या शोधाला कुणी विचारले नाही. २००२ मध्ये त्याला परवाना मिळाला आणि पुढे इराक व अफगाणिस्तानच्या लढायांत 'क्विकक्लॉट' नावाने तो सैनिकांच्या पिशवीत गेला. पण कळीच्या चुन्यावर पाणी ओतल्यावर जशी आच येते तसाच प्रकार इथे झाला. पाणी शोषताना भुकटी तापायची आणि जखम भाजायची. प्राण वाचायचे, पण वर भाजल्याची जखम पदरात.

मग दुसरी एक भुकटी आली, चिकणमातीच्या जातीच्या खनिजाची. जनावरांवरच्या चाचण्यांत ती फार जोरात ठरली. परंतु तिचे कण रक्तवाहिनीत शिरून आत गुठळ्या करतात असे आढळल्यावर २००९ मध्ये अमेरिकी लष्कराने ती बाजूला काढली. जखमेत माती भरू नये हे आपल्या आज्या सांगत नव्हत्या, उलट काही जणी भरतच होत्या. पण निर्जंतुक केलेली, तपासलेली, कारखान्यातली मातीसुद्धा सुटी भुकटी म्हणून घातक ठरते हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्यातून मार्ग निघाला तो असा, की माती कापडावरच पक्की बसवायची. केओलिन म्हणजे चिनी माती, कपबश्यांची. या मातीच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. रक्त तिला टेकले की गोठण्याच्या साखळीतले पहिले प्रथिन जागे होते. ही गोष्ट प्रयोगशाळेतल्या लोकांना जुनीच ठाऊक होती, कारण रक्त गोठायला किती वेळ लागतो हे तपासायला केओलिन वर्षानुवर्षे वापरत आले आहेत. तीच माती गॉजच्या लांब पट्टीवर बसवली, उष्णता नाही की सुटे कण नाहीत. २००८ पासून अमेरिकी सैन्यात तीच पहिल्या पसंतीची ठरली. सिंधुदुर्गात चिनी मातीचे साठे आहेत. म्हणून कुणी लगेच खाणीतली माती आणून जखमेवर लावू नये, एवढे सांगून पुढे जाऊ.

घोणस आणि लंडनचे डॉक्टर

रक्त गोठवण्याच्या या कथेत आपल्या बांधावरचा एक जुना वैरीही आहे. १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये मॅकफार्लन नावाच्या तरुण डॉक्टरने लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या सापांचे अधिकारी बर्जेस बार्नेट यांच्या मदतीने निरनिराळ्या सापांची विषे रक्तावर तपासली. सर्वांत प्रभावी ठरले ते घोणस जातीच्या सापाचे विष. दहा हजारात एक भाग इतके विरळ केलेले हे विष कापसावर घेऊन हिमोफिलियाच्या म्हणजे रक्त न गोठण्याच्या जन्मजात आजाराच्या रोग्यांना लावले तर वाहणारे रक्त थांबते, असे त्यांनी दाखवले. पुढे ते औषध म्हणून बाटलीतून विकलेही गेले. आपल्याकडे ज्याच्या नावाने अंगावर काटा येतो तो साप तिकडे औषधाच्या कपाटात!

मग घोणस चावल्यावर रक्त थांबत का नाही, हिरड्यांतून आणि लघवीतून का येते? याचे उत्तर मात्रेत आहे. थेंबाच्या कणाएवढे विष बाहेरून जखमेवर लागले तर तिथल्यापुरती गुठळी बसते. तेच दंशाने अंगात भिनले की सगळ्या रक्तात एकाच वेळी गोठण्याची साखळी पेटते आणि धागे बनवणारे प्रथिनच संपून जाते. मग एकही बांध घालायला माती उरत नाही. म्हणून सर्पदंशाच्या रोग्याचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवून बघतात. गोठले नाही तर विष रक्तात भिनले आहे असे धरून प्रतिविष देतात. काच इथे तेच काम करते जे पट्टीवर चिनी माती करते, तीही रक्ताला जागे करते. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते, तिला वीज लागत नाही की यंत्र लागत नाही. आणि हे ओघाने आलेच आहे तर सांगून टाकतो, सर्पदंशावर ब्लेडने काप देऊ नका आणि कुठलीही रक्त थांबवणारी पट्टीही बांधू नका. तिथे उपाय एकच, प्रतिविष.

सासून डॉकवरचा कचरा

आता येऊ कोळंबीकडे. मुंबईच्या सासून डॉकवर किंवा कोकणातल्या कुठल्याही बंदरावर सकाळी गेलेल्याला तो वास ठाऊक आहे. बाया बसून कोळंबी सोलतात, आणि डोकी-टरफले मिळून मालाच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग कचऱ्यात जातो. या टरफलात कायटिन नावाचा चिवट पदार्थ असतो. टरफले आम्लात ठेवली की त्यातला चुना निघतो, कॉस्टिक सोड्यात ठेवली की प्रथिने निघतात, आणि उरलेले कायटिन पुन्हा तीव्र सोड्यात तापवले की त्याचे चिटोसान होते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने यावर फार वर्षे काम केले आहे.

चिटोसानची मौज अशी, की ओल्या जखमेत त्यावर धन भार येतो. तांबड्या पेशी आणि बिंबिका यांच्या अंगावर असतो ऋण भार. लोखंडाचा कीस चुंबकाला चिकटावा तशा त्या धावत येऊन चिटोसानला चिकटतात आणि चिखलासारखा घट्ट लगदा होतो. यात गोठण्याच्या प्रथिनांच्या साखळीची फारशी वाट बघावी लागत नाही. म्हणून हृदयविकारासाठी रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्या माणसालाही तिचा उपयोग होतो. गावात बायपास झालेली, रोज गोळी घेणारी आणि तरीही विळा हातात धरणारी माणसे आता कितीतरी आहेत. त्यांच्या दृष्टीने हा मुद्दा लहान नाही. कोळंबी सोसत नाही त्यांनी काय करावे, असे कुणी विचारील. ते वावडे असते कोळंबीतल्या प्रथिनांचे, आणि ती तर आधीच काढून टाकलेली असतात. तरीही डॉक्टरांच्या कानावर घालावे हे बरे.

चिटोसानच्या पट्ट्या अमेरिकेत २००२ पासून आहेत. आपल्या देशात अहमदाबादेत २००८ साली लिओ मावेली यांनी सुरू केलेल्या अ‍ॅक्सिओ बायोसोल्युशन्स या कंपनीने 'अ‍ॅक्सिओस्टॅट' नावाची चिटोसानची पट्टी तयार केली. २०१८ मध्ये तिला अमेरिकेच्या औषध प्रशासनाचीही मान्यता मिळाली.

आणि पुण्याची आगरकर संशोधन संस्था? सोयाबीन, गहू, द्राक्षाच्या वाणांमुळे आपल्या शेतकऱ्यांना हे नाव परके नाही. त्याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सिलिकाचे अतिसूक्ष्म कण आणि कॅल्शियम घालून स्पंजासारखा सच्छिद्र पदार्थ बनवला आहे. त्याला झेरोजेल म्हणतात. छिद्रांमुळे रक्त झटकन शोषले जाते, सिलिका साखळी सुरू करते आणि कॅल्शियम तिला पुढे नेते. बाजारातल्या पट्टीशी तुलना करता रक्त गोठण्याचा निर्देशांक १३ पट वाढल्याचे २०२४ मध्ये केंद्राच्या विज्ञान खात्यामार्फत सांगण्यात आले. प्रयोगशाळेतून दुकानात यायला अशा गोष्टींना वर्षे लागतात हे खरे. पण दिशा आपल्याच मातीतली आहे, याचे बरे वाटते.

परदेशात तर पंक्चर काढण्यावरून सुचलेलेही एक साधन आहे. टायरमध्ये फेस भरून भोक बुजवतात ना, त्यावरून अमेरिकेत एक मोठी पिचकारी तयार झाली, तिला २०१४ मध्ये मान्यता मिळाली. गोळी लागलेल्या अरुंद, खोल जखमेत त्या पिचकारीतून दाबलेले बारीक स्पंज सोडायचे, ते रक्ताने फुगतात आणि आतूनच दाब देतात. शेतीच्या जखमांना तिची गरज क्वचितच पडेल.

पट्टी जादू करत नाही

हे सगळे वाचून पट्टी ठेवली की काम झाले असे वाटेल, तर तसे मुळीच नाही. केओलिनची असो की चिटोसानची, पट्टी जखमेच्या तळाशी, जिथून रक्त येते तिथे, कोंबून बसवावी लागते. वरवर ठेवून उपयोग नाही. मग तिच्यावर निदान तीन मिनिटे दोन्ही हातांनी, अंगाचा भार देऊन दाबावे लागते. दर अर्ध्या मिनिटाला उचलून 'थांबले का?' म्हणून बघायची जी सवय आहे तीच घात करते. बसत आलेली गुठळी प्रत्येक वेळी उपटली जाते.

आणि पट्टी नसली तरी दाब आहेच. स्वच्छ धोतर, ओढणी, टॉवेल घडी करून जखमेवर दाबा, भिजला तर न काढता वर दुसरा ठेवा. हातापायातून चिळकांडी उडत असेल आणि दाबून थांबत नसेल, तर जखमेच्या चार बोटे वर रुंद पट्टा बांधून त्यात काठी घालून पिळा. सुतळी, तार नको, ती मांसात रुतते. सांध्यावर बांधू नका. किती वाजता बांधले ते कागदावर नाहीतर कपाळावर लिहा. जांघ, काख, मान या ठिकाणी पट्टा बांधताच येत नाही. तिथे दाबण्यावाचून इलाज नाही, आणि या गोठवणाऱ्या पट्ट्यांची खरी किंमत कळते ती तिथेच. मात्र पोटाच्या किंवा छातीच्या जखमेत काही कोंबायच्या भानगडीत पडू नये, तिथे १०८ आणि शस्त्रक्रिया.

दवाखान्यात पोचल्यावर आणखी एक गोष्ट कामी येते. ट्रॅनेक्झॅमिक आम्ल नावाचे इंजेक्शन बसलेली गुठळी विरघळू देत नाही. जपानमधल्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने ते १९६२ मध्ये जगापुढे आणले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४० देशांतल्या २० हजारांवर जखमींच्या चाचणीत त्याने मृत्यू कमी होतात असे सिद्ध झाले, आणि या चाचणीत भारतातले रुग्णही होते. औषध स्वस्त आहे, पण ते इजा झाल्यापासून तीन तासांच्या आत द्यावे लागते, नंतर फायदा जातो. म्हणून घाव किती वाजता लागला ते डॉक्टरांना नक्की सांगावे. आतमध्ये पट्टी कोंबली असेल तर तेही सांगावे आणि तिचे रिकामे पाकीट बरोबर न्यावे. पट्टी आत राहून जाता कामा नये.

राहिला पैशाचा प्रश्न. साध्या गॉजच्या कितीतरी पट या पट्ट्यांची किंमत आहे आणि मुदत संपली की त्या टाकाव्या लागतात. एकेका मजुराने विकत घेऊन खिशात ठेवावी अशी ही वस्तू आज तरी नाही. पण पन्नास-साठ कोयत्यांच्या टोळीमागे दोन पट्ट्या, एक रुंद पट्टा आणि हे सगळे करून दाखवणारा एक शिकलेला पोरगा, एवढे काही अवघड नाही. फडावर दुपारच्या भाकरीच्या वेळी तासाभरात शिकवून होते. कारखान्याची स्लिपबॉय-चिटबॉय मंडळी रोज फडावर जातातच, त्यांच्या मोटारसायकलच्या डिकीत ही पेटी मावेल. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ शासनाने काढलेले आहे, कारखान्यांची कल्याण खाती आहेत. टोळी फडावर उतरते त्या दिवशी मुकादमाकडून कोयत्यांची मोजणी होते. त्याच दिवशी पेटी आली की नाही, आणि तिच्यावरची तारीख उलटून गेली नाही ना, हेही कुणीतरी मोजायला हवे.